ताईंना वाईट वाटेल म्हणून?

मावशी, मी ३४ वर्षांची. सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याचा फार त्रास व्हायला लागला म्हणून पुण्याच्या एका समुपदेशक ताईंशी दर बुधवारी व्हिडिओवर बोलते. ताई चांगल्या आहेत, पण पडद्यासमोर मोकळं रडूसुद्धा येत नाही. पलीकडच्या खोलीत सासूबाई असतात. इथंच कुणाकडं समोरासमोर जावं का? ओळखीच्यांनी पाहिलं तर? आणि सोडलं तर ताईंना वाईट वाटेल ना?
– एक वाचक, सोलापूर

अगं, तुझं शेवटचं वाक्य मी आधी धरते. फी तू भरतेस, त्रास तुझा, आणि काळजी ताईंना काय वाटेल याची! ज्या दुखण्यासाठी त्यांच्याकडं गेलीस, ते त्यांच्यासमोरही चालूच आहे. येत्या बुधवारी दुसरं काही काढूच नकोस. सरळ म्हण, “ताई, तुमच्याशी बोलताना मला मोकळं वाटत नाही.” समुपदेशकाला हे ऐकून घ्यावंच लागतं, तो कामाचाच भाग आहे.

एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये समुपदेशक आणि त्याच्याकडं येणाऱ्या माणसाच्या नात्याचे तीन भाग सांगितले: काय साधायचं, त्यासाठी काय करायचं आणि एकमेकांवरचा विश्वास. यातलं कुठलं ढिलं आहे ते दोघींनी मिळून बघा. पडद्यावर नातं जुळतच नाही, असं मात्र धरून चालू नकोस. बोलायला येणारी माणसं व्हिडिओवरच्या नात्यालाही जवळपास समोरासमोरइतकंच चांगलं म्हणतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. गंमत म्हणजे शंका जास्त समुपदेशकांनाच येते.

तरी पडद्याच्या अडचणी आहेतच. ताई तुझ्या चेहऱ्याकडं बघतात तेव्हा तुला त्या खाली बघताना दिसतात, कारण कॅमेरा वर असतो. तू गप्प झालीस तर नेट गेलं की काय म्हणून त्या “हॅलो, हॅलो” करतात. आणि कोपऱ्यात स्वतःचं तोंड दिसत असताना रडणार कोण? ती चौकट आधी बंद कर.

पण मला विचारशील तर तुझी खरी अडचण पडदा नाही, सासूबाई आहेत. इअरफोन घातलास की ताईंचं बोलणं लपतं, तुझं नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या भिंतीपलीकडं शेंगा सोलत बसल्यात म्हटल्यावर आवाज घशातच अडकणार. यंत्रमागांची खटखट चालू असेल तेव्हा बोलता येईल, पण मग ताईंनाही तू ऐकू येणार नाहीस! सासूबाई देवळात जातात ती वेळ मागून घे, नाहीतर मैत्रिणीची एखादी खोली. गच्ची सुचवणार नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं पापडच वाळवावेत.

सोलापुरातच कुणाकडं जायचं असेल तर जरूर जा. उपचार करणाऱ्या डॉक्टर-मानसशास्त्रज्ञांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचं बंधन आहे. बाहेरच्या बाकड्यावर शेजारीण बसली असेल, तर तिथं कायदा चालत नाही. म्हणून फोनवरच विचार, दोन वेळांच्या मध्ये मोकळा वेळ ठेवतात का, आणि तुमच्या घरच्यांशी त्यांची ओळख आहे का. सोलापुरात नात्यातलं नातं निघायला वेळ लागत नाही.

मधला मार्गही आहे. ताईंना एकदा प्रत्यक्ष भेट. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. एकदा समोर बसलं की पुढं पडद्यावरही तेच माणूस दिसायला लागतं, असं पुष्कळजणी सांगतात. मधल्या दिवसांत जीव फारच घाबरा झाला, तर बुधवारची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि समजा, तू बोललीस आणि ताई फुरंगटल्या, किंवा “तसं काही नाही हो” म्हणून विषय उडवला, तर खुशाल थांबव. मोठं पत्र लिहून माफी मागत बसू नकोस, दोन ओळींचा निरोप पुरे. फी आगाऊ भरली असेल, तर उरलेले पैसेही मागून घे.