वंश ही समाजाने घडवलेली कल्पना असेल, तर तिच्यामुळे खरीखुरी विषमता कशी निर्माण होते?

आपण विचारले आहे की, रंगातला फरक डोळ्यांना दिसत असताना वंशाला ‘समाजाने घडवलेला’ का म्हणायचे. रंग निसर्गाने दिलेला असतो, हे खरे; पण तो रंग कोणत्या गटात मोडतो आणि त्या गटाला जमीन किंवा नागरिकत्व मिळावे की नाही, हे माणसेच ठरवतात. हे समजून घेण्यासाठी मी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचतो.

१७९० च्या कायद्यानुसार परदेशातून आलेल्यांपैकी केवळ ‘गोऱ्या’ व्यक्तींनाच अमेरिकेचे नागरिक होता येत असे; १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ती मुभा मिळाली, आशियाई मात्र बाहेरच राहिले. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा दावा फेटाळताना न्यायमूर्ती सदरलँड यांनी सांगितले की, कातडीचा रंग ही कसोटी नव्हे. गोरा म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या मानववंशशास्त्राने मानलेल्या वंशगटांपैकी एका) वंशाचा. पुढे तीनच महिन्यांनी, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या, मूळ पंजाबच्या भगतसिंग थिंड यांनी, त्या काळचे मानववंशशास्त्र आपल्याला कॉकेशियनच मानते, असे दाखवून दिले. तेव्हा त्याच न्यायमूर्तींनी शास्त्र बाजूला ठेवले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निवाडा दिला. (थिंड यांच्या बाजूनेही उच्च जातीचा आणि शुद्ध रक्ताचा आधार घेतला गेला होता. उतरंडच चुकीची आहे असे त्यांनी म्हटले नाही, वरची पायरी तेवढी मागितली. हे वाचताना मला फार वाईट वाटते.)

आता विषमतेविषयी. जे नागरिक होण्यास अपात्र, त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियात १९१३ पासूनच होता. थिंड निकालानंतर तो भारतीयांना लागू पडला आणि तिथल्या इंपीरियल खोऱ्यात राबणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना जमिनीचे कागद ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावे करावे लागले. पूर्वी दिलेली नागरिकत्वेही सरकार काढून घेऊ लागले. थिंड यांच्या वकिलांपैकी सखाराम गणेश पंडित यांनी स्वतःचे नागरिकत्व न्यायालयात लढून टिकवले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे मात्र गेले आणि १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. भारतीयांना नागरिकत्व खुले करणारा कायदा १९४६ मध्ये झाला, तेव्हा बगाईंना जाऊन अठरा वर्षे झाली होती.