बेसिनखालचं कॅबिनेट स्वतः बसवा, पण आधी कार्डाचं बिल फेडा

प्रश्न: वय ३९, नाशिकला खासगी नोकरी, पत्नी घरी, मुलगी नऊ वर्षांची. पगार हातात ६२,००० येतो, घरकर्जाचा हप्ता १९,००० आणि कर्ज अजून १६ लाख बाकी. बाथरूममधल्या बेसिनखालचं कॅबिनेट फुगून कुजलं आहे. नवीन कॅबिनेट, बेसिन आणि वर ग्रॅनाइट धरून कंत्राटदार ३४,००० सांगतो. व्हिडिओ बघून मी स्वतः केलं तर ८,५०० मध्ये भागेल, म्हणजे २५,५०० वाचतील. सामान क्रेडिट कार्डावर नो-कॉस्ट ईएमआयने घेईन, कारण दीड लाखाची एफडी अडीअडचणीसाठी ठेवली आहे, ती मोडायची नाही. नोव्हेंबरमध्ये पॉलिसीचा १ लाखाचा तिसरा हप्ता आहे. मागचा हप्ता कार्डावर भरला होता. आता कार्डावर १,१०,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) दरमहा न चुकता भरतो. पॉलिसी बँकेतूनच घेतली, एफडीसारखीच आहे: दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख, पैसे दुप्पट. विमा १० लाखांचा. कॅबिनेट स्वतः करणं शहाणपणाचं आहे का?

उत्तर: हो, स्वतः करा. मात्र ८,५०० चा हिशेब मला पटत नाही. तेवढ्यात बेसिनसकट पीव्हीसीचं तयार कॅबिनेट येईल. अँगल कॉकची (भिंतीतल्या लाइनवरचा छोटा नळ) जोडी ८००, दोन कनेक्शन पाइप ४००, बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा सांडपाण्याचा बाटलीसारखा भाग) आणि वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकातली जोडणी) ११००, सिलिकॉन, टेफ्लॉन टेप, फास्टनर मिळून ५००, ड्रिल भाड्याने ४००. शेवटी प्लंबरला दोन तास बोलवा, त्याचे १,०००. अँगल कॉक भिंतीतल्या जुन्या लाइनवर फिरवताना आतला सांधा तुटला तर टाइल्स फोडाव्या लागतात, म्हणून एवढं काम त्याच्या हातूनच होऊ द्या. एकूण १३ हजार धरा. ग्रॅनाइट सोडलंत तर २१ हजार वाचतात. चांगली बचत आहे, दोन रविवार घालवण्याजोगी.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं ते कॅबिनेटसाठी नाही. मिनिमम ड्यू न चुकता भरतो, असं तुम्ही समाधानाने लिहिलंय. त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर बघा. १,१०,००० वर हे झाले ३,८५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७००. महिन्याला ४,५५० नुसतं व्याज. पाच टक्क्यांनी मिनिमम ड्यू येतो ५,५००. म्हणजे तुम्ही साडेपाच हजार भरता तेव्हा मूळ रक्कम जेमतेम ९५० ने कमी होते. वर्षाला पन्नास हजारांच्या वर व्याज जातंय. आणि ज्या एफडीला हात लावायचा नाही म्हणता, ती साडेसहा टक्क्यांनी वर्षाला पावणेदहा हजार देते. कॅबिनेटमध्ये दोन रविवार घाम गाळून वाचवलेले २१ हजार या कार्डावर पाच महिन्यांतच संपतात.

एफडी अडीअडचणीसाठी आहे ना? मग अडचण हीच आहे. या आठवड्यात ती मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक थोडं व्याज कापेल, हजार-दीड हजाराचा फरक पडेल. कार्डाचं बिल पूर्ण भरा; किमान नको, अर्धंही नको. बाकी शिल्लक असलेल्या कार्डावर नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. नो-कॉस्ट ईएमआयमध्येसुद्धा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच बिलात येतो. कॅबिनेटसाठी ईएमआय नको.

आता पॉलिसी. 'एफडीसारखीच' असं सांगून ती गळ्यात घातली गेली, याचा मला राग आहे, आणि हे मी दर महिन्याला कुणा ना कुणाच्या पत्रात वाचतो. एफडी तुम्ही आठवड्यात मोडू शकता. ही पॉलिसी मोडायला गेलात तर दोन वर्षांनंतर भरलेल्या रकमेच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ६०,००० धरून चाला. 'दुप्पट' हा शब्दही फसवा आहे. दहा वर्षं दरवर्षी लाख आणि विसाव्या वर्षी २० लाख, याचा परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो. पीपीएफ या सरकारी बचत योजनेत ७.१ टक्के मिळतात. हाच दर टिकला तर तेच दहा लाख तेवढ्याच काळात साडेएकोणतीस लाख होतात.

तुम्ही म्हणाल, दोन लाख भरून बसलोय, आता सोडू कसा? भरलेले दोन लाख पूर्ण बुडाले असं समजू. उरलेले आठ हप्ते त्याच तारखांना पीपीएफमध्ये टाकले तर पॉलिसी संपण्याच्या दिवशी सुमारे २२ लाख होतात. पॉलिसी सगळं मिळून २० देणार आहे. वर पॉलिसी मोडल्याचे, म्हणजे सरेंडरचे, ६०,००० हातात आहेतच. तिसरा हप्ता भरण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

पण ती बंद करण्याआधी एक गोष्ट, आणि सगळ्या पत्रात मला खरी धास्ती याचीच वाटते. कर्ज १६ लाख, विमा १० लाख. उद्या तुम्ही नसलात तर विम्याचे सगळे पैसे घालूनही तुमच्या पत्नीच्या डोक्यावर ६ लाखांचं कर्ज राहील, आणि घरात दुसरा पगार नाही. तुम्हाला १ कोटीचा साधा टर्म विमा हवा, साठीपर्यंतचा; म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. तंबाखू-सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण १५ ते २० हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात बीपी, साखर, वडिलांचा आजार, काही लपवू नका; लपवलं तर क्लेम अडतो. वैद्यकीय तपासणीत दोन-तीन आठवडे जातात, म्हणून अर्ज आजच करा. टर्मची पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी चालू राहू द्या. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरेल. मात्र हप्ता कार्डातून आपोआप कापायची सूचना दिली असेल तर ती आत्ताच रद्द करा, नाहीतर नोव्हेंबरमध्ये लाख रुपये पुन्हा त्याच कार्डावर चढतील.

कंपनीला पत्र लिहून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी रक्कम) असे दोन्ही आकडे लेखी मागवा. 'एफडीसारखी' असं सांगणारा मेसेज किंवा मेल जपून ठेवला असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे चुकीच्या विक्रीची तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकीलही लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. पण प्रयत्न करायला काही खर्च नाही.

एफडीतले उरलेले ४०,००० आणि सरेंडरचे ६०,००० मिळून लाखभर रुपये अडचणीसाठी परत उभे राहतात. कार्डाला जाणारे साडेपाच हजार दरमहा सुटतात, आणि तीन महिन्यांत त्यातूनच कॅबिनेटचे १३ हजार रोख जमतात.

तोपर्यंत जुनं कॅबिनेट का कुजलं ते शोधा. रात्री बॉटल ट्रॅपखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. सकाळी तो ओला असेल तर ट्रॅपची चकती बदला. कोरडा असेल तर पाणी बहुधा बेसिन आणि भिंतीमधल्या फटीतून उतरतंय, तिथलं सिलिकॉन गेलं असेल. हे न बघता नवीन कॅबिनेट लावलंत तर तेही कुजेल, आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली तर तो खर्च तुमच्या अंगावर येतो. नवीन घेताना एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नको. पीव्हीसी घ्या, नाहीतर आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय. अँगल कॉकच्या सरळ वरच्या रेषेत ड्रिल लावू नका, पाण्याची लाइन बहुधा तिथूनच येते. जुनं कॅबिनेट काढल्यावर भिंत आठवडाभर सुकू द्या, मग नवीन चढवा.