डायरीत रोज १३० लिहिणारे काका

"मॅडम, शुगर वाढली की घरचे मलाच बोलतात, मग तपासावीशीच वाटत नाही." कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं आता लिहूनच टाकू. एक केस सांगते, ओळखीच्या खुणा बदलल्यात.

पन्नाशीचे गृहस्थ, टाइप टू डायबेटिस, बायकोच घेऊन आली. "हे सारखे चिडतात, गणपतीत मोदक मोजून वाढले तर आठ दिवस बोलले नाहीत." ते गप्प. तिला बाहेर बसवलं तेव्हा हळूच म्हणाले, "डायरीत मी १३० लिहितो. मधूनच १२८, संशय नको म्हणून. मशीनचे सेल तर कधीच संपलेत."

मला हसू आलं, मग त्यांनाही, आणि निम्मं काम तिथंच झालं असं मी मानते.

नंतरच्या एका भेटीत विचारलं, "समजा आज २१० आली, मग?"
"मग मी नालायक. साधं तोंड सांभाळता येत नाही."
"आणि शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याची आली तर?"
"त्याचं काय, झोप झाली नसेल, ताप असेल, मार्च एंडिंगचं टेन्शन असेल..."
"त्याला एवढी कारणं आणि तुम्हाला एकच?"
बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला मी असं बोललो तर तोही लपवेल."

हे त्यांचं त्यांना सुचलं, मी फक्त प्रश्न विचारले. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली, आकड्यापेक्षा त्यावरून आपण स्वतःला काय म्हणतो ते जास्त छळतं असं मानणारी. आणि काकांनी सांगितलेली कारणं खरीच आहेत की, ताप, अपुरी झोप, ताण या सगळ्यानं शुगर वाढते, ताणात तर लिव्हरच रक्तात साखर सोडतं. एचबीएवनसी ही टेस्ट म्हणजे शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी, त्यामुळे टेस्टच्या आधी चार दिवस कडक पथ्य करून ती फारशी हलत नाही आणि लग्नातल्या एका जेवणानं बुडतही नाही.

काकूंशी ठरलं, आकडा रोज विचारायचा नाही, रविवारी ते स्वतः दाखवतील. पहिला खरा आकडा १९६ होता आणि काकू काही बोलल्या नाहीत, हे मला औषधाइतकंच मोठं वाटतं.

थरथर, घाम, धडधड झाली तर ती घबराट असेल किंवा शुगर लो असेल, दोन्ही सारखंच वाटतं, म्हणून दीर्घ श्वास वगैरे नंतर, आधी मशीन. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी परत बघा.

पण दोन आठवडे मन उदासच असेल, कशातच रस वाटत नसेल, तर हे नुसतं शुगरला कंटाळणं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, जगणं नकोसं वाटत असेल तर आजच कुणाशी तरी बोला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि शुगरच्या डॉक्टरांनाही सांगा, गर्दीच्या ओपीडीत ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.