वाचकांचे प्रश्न : पोलादी कॉइलची वाहतूक, परवान्यावरील नोंद आणि बांधणी

प्रश्न : मी पूर्वी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रेलर चालवत असे. आता ग्रीन कार्डवर न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे राहतो आणि नुकताच मला क्लास ए सीडीएल (जड ट्रेलर चालवण्याचा व्यावसायिक) परवाना मिळाला आहे. फ्लॅटबेडवर (उघड्या, सपाट ट्रेलरवर) पोलादाच्या कॉइल, म्हणजे पत्र्याच्या अवजड गुंडाळ्या, नेण्याचे काम चालून आले असून काही खेपा अलाबामातील बर्मिंगहॅमपर्यंत असतील. कॉइलसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते असे काही चालक म्हणतात, तर काही जण ते साफ नाकारतात. खरे काय? शिवाय माल बांधताना नवख्याने मुख्यतः काय सांभाळावे?
— एक वाचक, बफेलो

उत्तर : आपल्याला सांगणारे दोघेही आपापल्या राज्यापुरते बरोबर आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत धोकादायक माल, टँकर, दुहेरी-तिहेरी ट्रेलर, प्रवासी वाहतूक आणि शाळेची बस यांसाठी परवान्यावर नोंदी आहेत. कॉइलसाठी तशी नोंद नाही. न्यूयॉर्क राज्याने मात्र स्वतःची 'एम' ही नोंद ठेवली आहे. आपला परवाना त्याच राज्याचा असल्याने ती आपल्याला घ्यावीच लागेल. त्यासाठी लेखी परीक्षा असते, गाडी चालवून दाखवावी लागत नाही. अलाबामाची गोष्ट निराळी आहे. बर्मिंगहॅमच्या महामार्गांवर कॉइल पडण्याचे प्रकार वारंवार घडल्यावर तेथे २००९ मध्ये कायदा झाला आणि त्या राज्यात सुरू होणाऱ्या किंवा संपणाऱ्या कॉइलच्या खेपेसाठी चालकाकडे माल बांधणीचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक झाले. मात्र २०१३ मध्ये केंद्रीय वाहतूक सुरक्षा प्रशासनाने ही अट आंतरराज्य वाहतुकीपुरती रद्दबातल ठरवली, त्यामुळे न्यूयॉर्कहून जाणाऱ्या आपल्या खेपांना ती लागू नाही. तरीही पहिल्या खेपेआधीच माल बांधणीचे प्रशिक्षण मालकाकडून करवून घ्यावे.

परीक्षा फारशी अवघड नाही. खरी कसोटी माल चढवल्यावर लागते. केंद्रीय वाहतूक सुरक्षा नियमांचे कलम ३९३.१२० हे केवळ धातूच्या कॉइलसाठी आहे, आणि एकटी कॉइल किंवा एकत्र बांधलेल्या कॉइल मिळून वजन ५,००० पौंड, म्हणजे २,२६८ किलो किंवा त्याहून अधिक झाले की ते लागू होते. कॉइलच्या मधले भोक वर आकाशाकडे आहे, पुढे-मागे आहे की डाव्या-उजव्या बाजूला आहे, यावर बांधणीची पद्धत ठरते. यातली तिसरी मांडणी सर्वांत जोखमीची, कारण साखळी सुटली तर कॉइल घरंगळत थेट केबिनवर येते; तिकडचे चालक तिला 'सुसाइड' म्हणतात ते उगीच नव्हे. या मांडणीत कॉइल पाटापासून, म्हणजे ट्रेलरच्या तळापासून, उचलून धरणारे लाकडी ठोकळे, पाचरी किंवा पाळणा हवा, आणि तो वाटेत सैल होणारा नसावा. निव्वळ खिळे ठोकून बसवलेल्या लाकडावर विसंबणे नियमाने निषिद्ध आहे. भोकातून किमान एक साखळी पुढे सरकणे रोखणारी आणि किमान एक मागे सरकणे रोखणारी हवी, आणि शक्य तेथे त्यांचा पाटाशी होणारा कोन ४५ अंशांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. वरून पाहिल्यास फुलीसारख्या दिसतील अशा तिरक्या साखळ्या भोकातून ओवणे या मांडणीत चालत नाही.

साखळ्या किती, हा हिशोब आपण स्वतः करावा. माल चढवणाऱ्याच्या शब्दावर सोडू नये. सर्व साखळ्यांची मिळून कार्यभार मर्यादा (सुरक्षितपणे पेलता येणारा कमाल भार) मालाच्या वजनाच्या किमान निम्मी असली पाहिजे. कॉइल ४४,००० पौंडांची असेल तर ही बेरीज २२,००० पौंड व्हायला हवी. ३/८ इंची ग्रेड ७० (ग्रेड म्हणजे साखळीच्या मजबुतीची प्रत) साखळीची मर्यादा ६,६०० पौंड असते, म्हणजे तीन साखळ्या अपुऱ्या पडतात आणि चार लागतात. त्यातही, जी साखळी ट्रेलरच्या एका बाजूला अडकवून कॉइलभोवतून पुन्हा त्याच बाजूला आणली आहे, तिची निम्मीच मर्यादा मोजली जाते. येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो: कडीवर ग्रेडची खूण नसेल तर तपासनीस तीच साखळी ग्रेड ३० धरतो आणि ६,६०० ऐवजी २,६५० पौंडच मोजतो. तेव्हा साखळी हातात घेतल्यावर आधी कडीवरचा '७' किंवा '७०' हा आकडा शोधावा, नंतर ताणून लांबट झालेली, खाच पडलेली किंवा झिजलेली कडी पाहावी. साखळी कॉइलच्या धारदार कडेला टेकते त्या प्रत्येक ठिकाणी मध्ये कॉर्नर प्रोटेक्टर (कडेपासून बचाव करणारा तुकडा) घालावा. साखळी ताणायला लिव्हर बाइंडर (दांडा दाबून साखळी आवळणारे साधन) वापरणारे जुने चालक त्याला पाइप जोडून जोर लावतात. सुटलेला दांडा जबडा फोडतो, म्हणून माझ्या मते नवख्याने दात्यांच्या चाकाने हळूहळू आवळणारा रॅचेट बाइंडरच घ्यावा, थोडा वेळ गेला तरी चालेल.

एवढी खबरदारी का, हे एका आकड्यावरून कळते. पुढच्या दिशेने ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतक्या मंदनाला, म्हणजे वेग झपाट्याने घटण्याला, बांधणीने टिकावे, अशी नियमाची अपेक्षा आहे. जोराच्या ब्रेकला २० टनांची कॉइल सुमारे १६ टनांच्या बळाने केबिनकडे झेपावते, आणि ते बळ केबिनमागची जाळी अडवील या भरवशावर कोणी राहू नये. निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून साखळ्या तपासाव्यात, कारण बूड बसल्यावर त्या हमखास ढिल्या पडतात. त्यानंतर दर १५० मैलांनी, दर तीन तासांनी किंवा ड्यूटीची स्थिती (चालवणे, विश्रांती इत्यादी) बदलताना, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पुन्हा पाहावे. महामार्गावरून उतरणाऱ्या वळणदार रॅम्पवर पिवळ्या पाटीवरील वेग हा आपल्यासाठी नाही. त्याच्या बराच खाली राहावे, आणि वळणात शिरण्याआधीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. आणखी एक, २५ जून २०२५ पासून रस्त्यावरील तपासणीत इंग्रजीत पुरेसा संवाद साधता न आलेल्या चालकाला तिथेच थांबवले जाते, तेव्हा बांधणीविषयीच्या प्रश्नांची उत्तरे इंग्रजीत द्यायची तयारी ठेवा.

प्रश्न : आपल्याकडे कॉइल वाहण्यासाठी परवान्यावर अशी काही नोंद लागते का?
— एक ट्रेलरमालक, कळंबोली

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९ प्रमाणे प्रशिक्षण आणि नोंद लागते ती धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांना. कॉइल त्यात मोडत नाही. त्यामुळे चालकाला शिकवण्याची जबाबदारी मालक म्हणून आपल्यावरच येते. घाटातल्या उतारावर भोक डाव्या-उजव्या बाजूला येईल अशी ठेवलेली कॉइल केबिनकडेच ढकलली जाते, म्हणून पुढच्या बाजूची पाचर आणि साखळी यांत काटकसर करू नये, आणि खोपोलीला उतरण्याआधी लोणावळ्याला गाडी बाजूला घेऊन बांधणी एकदा हाताने तपासायला चालकाला वेळ द्यावा.