त्या रकान्यातलं ‘नाही’ आधी खोड

‘ताई, २ वर्षांपूर्वी वजनासाठी माझं जठराच्या बायपासचं ऑपरेशन झालं. ३७ किलो उतरले. पहिलं वर्ष जीवनसत्त्वांच्या सगळ्या गोळ्या घेतल्या, मग बरं वाटायला लागल्यावर सोडल्या. आता पाचवा महिना चालू आहे. पायांना मुंग्या येतात, जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्यात. ऑपरेशनचं नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. दवाखान्यात फॉर्म भरताना सासूबाई शेजारी होत्या, म्हणून “आधीच्या शस्त्रक्रिया” या रकान्यात मी “नाही” लिहिलं. माझ्यामुळे बाळाचं काही वाईट तर होत नाही ना?’

तुझं पत्र वाचताना मी त्या फॉर्मपाशीच अडले. हातात पेन, खांद्याला खांदा लावून बसलेल्या सासूबाई, आणि घाईघाईत लिहिलेलं ‘नाही’. मला तुझा राग आला नाही गं, पोटात तुटलं. पण तुझ्यावरचे आजचे उपचार त्या ‘नाही’वर बेतलेले आहेत, म्हणून मी आधी त्याबद्दलच बोलणार आहे.

हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाची गोळी देतात, त्यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पण लोह मुख्यतः शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि बायपासमध्ये अन्नाची वाट नेमकी तिथूनच वळवलेली असते. गोळी पोटात जाते, अंगी लागतेच असं नाही. तोंडाने पुरत नसेल तर लोह शिरेतूनही देता येतं. पण ऑपरेशनच माहीत नसेल तर ते कुणाला सुचणार?

आणि मला खरी काळजी आहे ती तुझ्या मुंग्यांची. अन्नातलं बी १२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पुढे शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. तुझ्या जठराचा बराचसा भाग आता अन्नाच्या वाटेवरच नाही. गोळ्या सोडल्यावरही काही दिवस ठीक गेलं, कारण यकृतात बी १२चा साठा असतो आणि तो बराच काळ पुरतो. तो आटत आला असेल आणि त्यातच बाळाचाही वाटा सुरू झाला. ‘गरोदरपणात मुंग्या येतातच’ असं तुला कुणीही सांगेल आणि ते पुष्कळदा खरंही असतं, पण तू त्यावर समाधान मानू नकोस. तू फॉलिक अ‍ॅसिड घेत असशीलच. ते चालू ठेव, मात्र बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड रक्त सुधारल्यासारखं दाखवतं आणि नसांची हानी आत चालूच राहते. म्हणून बी १२ची तपासणी याच आठवड्यात. कमी निघालं तर इंजेक्शनं असतात, आणि ती गरोदरपणात चालतात.

बाळाचं विचारलंस. ऑपरेशननंतर निदान १२ ते १८ महिने थांबावं असं सांगतात, तू तेवढी थांबलीस. अशा कितीतरी बायकांना धडधाकट बाळं होतात, गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका तर कमीच होतो. मात्र बाळ वजनाने लहान राहण्याची शक्यता वाढते, म्हणून वाढ बघायला जास्तीच्या सोनोग्राफी कराव्या लागतात. तू गोळ्या सोडल्या ही चूक झाली, पण ती अजून सुधारता येईल.

बी १२बरोबर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा त्यावरून कळतो), फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वही बघायला सांग, आणि दर तिमाहीत पुन्हा. अ जीवनसत्त्वाची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणू नकोस. रेटिनॉल हे त्याचं एक रूप जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, त्यामुळे ते कोणत्या रूपात द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेत असशील तर दोन्हींत किमान २ तासांचं अंतर ठेव. २४ ते २८ आठवड्यांत साखरेचं पाणी पिऊन करायची तपासणी सांगतील. बायपासनंतर त्याने धडधड, घाम, चक्कर असा त्रास होऊ शकतो. त्याऐवजी काही दिवस घरी बोटातून साखर तपासता येते.

दोन गोष्टींना सकाळची वाट पाहायची नाही. उलट्या थांबतच नसतील तर बी १ झपाट्याने संपतं, आणि ते न देता ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तिथे ऑपरेशनचं मोठ्याने सांगायचं. आणि पोटात जोराची कळ आली तर सरळ हॉस्पिटल गाठ. बायपासनंतर आतडं आत अडकू शकतं आणि गरोदरपणात ते सहज लक्षात येत नाही.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहून खोडली आहेस, ‘वजन पुन्हा वाढलं तर’. कागद उजेडाला धरून वाचली मी. बाई, आता वाढणारं वजन बाळाचंही आहे. ते वाढू दे, जेवण कमी करू नकोस.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव, मी आग्रह धरणार नाही. डॉक्टरांना मात्र उद्याच सांग. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड पर्समध्ये ठेव. नर्सला म्हण, ‘मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय.’ तेवढं म्हटलं की पुरतं, कारण द्यावं लागत नाही. मग फॉर्म मागून घे, ते ‘नाही’ खोड आणि तिथे ऑपरेशनचं नाव आणि तारीख लिही.

रिपोर्ट आले की मला कळव. वाट पाहते.