आधी फेरफार, मग टोकन

प्रिय पोरी,

काल फोनवर तू म्हणालीस, "काका, घ्यायच्या प्लॉटचा सातबारा कोरा आहे, बँकेने कर्ज मंजूर केलंय, एजंट शनिवारपर्यंत टोकन मागतोय. तरी काहीतरी खटकतंय." रात्री नीट झोप लागली नाही. तुझं खटकणं बरोबर आहे, ते दाबू नकोस.

सातबारा कोरा म्हणजे त्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसत नाही, एवढंच. तो महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी निकालांत सांगितलंय. नावाजवळ जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक, म्हणजे नाव बदलाच्या नोंदीचे नंबर. ते नाव तिथे खरेदीने आलं, वारसाने आलं की वाटणीने, हे फेरफारात कळतं. म्हणून तो फेरफार काढ आणि वाच. मग त्याच्या मागचा काढ आणि तोही वाच.

२००७ साली मी प्लॉट घेतला तेव्हा सातबाऱ्यावर दोन भावांची नावं होती आणि जवळ वारस फेरफाराचा क्रमांक. सातबारा मी तीनदा वाचला. फेरफार एकदाही काढला नाही. तलाठ्याकडे अर्ध्या दिवसाचं काम होतं, पण थोरला भाऊ माझ्याच खात्यात नोकरीला, रोज डबा एकत्र खायचो. खरेदीखत झालं. कुंपणाचे खांब रोवायला गेलो तर शेजारच्या शेतातल्या म्हातारबांनी सहज विचारलं, "बहिणीची सही झाली ना?" त्यांना बहीण आहे हे मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी फेरफाराची नक्कल काढली. अर्धं पान होतं. वडील मयत, आई आधीच मयत, वारस मुलगे दोन. मुलीचा उल्लेखच नाही. खाली दोघा भावांचे जबाब आणि नोंद प्रमाणित केल्याचा शेरा. "मुली किती?" एवढं मी डबा खाताना विचारलं असतं तरी पुरे होतं.

मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वडिलांची पहिल्या वर्गातली वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्माने सहहिस्सेदार झाली आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या निकालाने पक्कं झालं. नोंदीतून नाव गाळल्याने हक्क जात नाही. त्या बहिणीने दावा लावला. नऊ वर्षं तारखा झाल्या आणि शेवटी मी तिला तिच्या हिश्श्याचे पैसे दिले. घरचे अजून म्हणतात, कशाला नमलास, फसवलं भावांनी, भरायचं त्यांनी. मी नमलो नाही. ती खरी होती. भावांनी लपवलं हे खरं, पण मी पाहिलं नाही हेही तितकंच खरं, आणि ते नऊ वर्षांत मला कुणी विसरू दिलं नाही. जाऊ दे.

तुझ्या विक्रेत्याने "बहिणींनी केव्हाच सोडलंय" म्हटलं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवायला सांग. नोटरी केलेला कागद चालणार नाही. सातबाऱ्यावर कुठे "ए.कु.मॅ." दिसलं तर तिथेच थांब. ते एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागलेलं नाव आहे, बाकीच्यांचे हिस्से त्याच्या आड असतात. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल किंवा इतर हक्कांच्या रकान्यात कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल, तर परवानगीचा आदेश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. एजंट "एनए आहे" म्हणतो ना? मग बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन (लेआउट) माग, आणि त्यात तुझा प्लॉट नंबर बोटाने शोध.

बँकेचं मला सांगूच नकोस. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. उद्या हक्क बुडाला तरी हप्ता तुझ्याच पगारातून जाणार. आपला वकील कर. दुय्यम निबंधक कार्यालयात ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यायला लाव आणि शोध अहवाल आला की आधी शेवटचं पान बघ. "सूची क्रमांक २ ची काही पानं फाटलेली, काही वर्षांची पुस्तकं उपलब्ध नाहीत" असं तिथे बऱ्याचदा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सूची क्रमांक २ म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी. नेमकी कोणती वर्षं, ते विचार. गहाण ठेवलंय का हे सरसाईच्या, म्हणजे बँकांकडच्या गहाणांच्या केंद्रीय, नोंदीतही बघायला सांग. दिवाणी कोर्टात दावा आहे का तेही. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, १४ दिवस. एजंट म्हणेल गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे गिऱ्हाईक. एवढी घाई त्याला का, हे मात्र मला समजत नाही.

आणि हे सगळं वकिलाने केलं तरी फेरफार तू स्वतः वाचायचे. चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांकडे तू स्वतः जायचंस, एजंटला बरोबर न घेता.

रविवारी कागद घेऊन ये. तू पाठवलेल्या फोटोत वारस फेरफाराचा शेवटचा आकडा ३ आहे की ८ ते मला दिसत नाही. नक्कल मागायच्या आधी तेवढं बघून कळव.

तुझा,
काका