व्यंगचित्र की व्यंग्यचित्र?

सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी मुलांसाठी जुनी चित्रं लावली आणि वर फलक लिहिला, 'युद्धकाळातली व्यंगचित्रं'. बघायला आलेल्या एका पालकांनी खडूनं 'ग'ला 'य' जोडून 'व्यंग्यचित्रं' केलं. बरोबर कोणतं?

ताई, तो 'य' पुसून टाका. मराठीत रूढ शब्द 'व्यंगचित्र'च आहे. पण त्या 'य'मागेही अर्थ आहे, तो मुलांना जरूर सांगा.

संस्कृतात हे दोन शब्द निराळे. व्यंग म्हणजे वि + अंग, अंगात काही उणं असणं. 'दुसऱ्याचं व्यंग काढू नये' म्हणतो तो हा. व्यंग्य मात्र 'अंज्' धातूवरून आलेला, व्यंजनेच्या घरातला. उघड न बोलता सुचवलेला अर्थ म्हणजे व्यंग्यार्थ. हिंदीनं उपरोधासाठी 'व्यंग्य' लिहायची रीत ठेवली. मराठीत 'य' गळाला, तरी अर्थ राहिलाच. 'व्यंगोक्ती'त कुणाच्या अंगाचा दोष नसतो, आडून मारलेला टोला असतो.

युद्धातल्या चित्रांत दोन्ही अर्थ दिसतात. पहिल्या महायुद्धात कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, वर वळवलेल्या मिशा वाढवून काढल्या, ते अंगावर बोट ठेवणं. निव्वळ चेहऱ्याची अशी अतिशयोक्ती असेल तर 'अर्कचित्र' म्हणावं.

दुसऱ्या अर्थासाठी मी लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकातलं चित्रकार जॉन लीचचं 1855 सालचं चित्र दाखवीन. ब्रिटन-फ्रान्स आणि रशिया यांच्यातलं क्रिमियाचं युद्ध चालू होतं. जानेवारी आणि फेब्रुवारी हे आपले दोन भरवशाचे सेनापती आहेत, असं रशियाचा झार पहिला निकोलस म्हणाल्याचं सांगितलं जाई. थंडीच शत्रूला मारील, हा त्याचा हिशेब. आणि तोच 2 मार्चला न्यूमोनियानं वारला. रशियाच्या जुन्या पंचांगानुसार तेव्हा 18 फेब्रुवारी होती! लीचनं काढलं काय, तर सेनापतीच्या पोशाखातला एक हाडांचा सापळा अंथरुणातल्या झारच्या अंगावर हात ठेवतोय. शीर्षकाचा अर्थ, 'सेनापती फेब्रुवारी फितूर झाला'. झारचं नाक वाढवलेलं नाही की पोट फुगवलेलं नाही. सगळा मार सुचवण्यातच आहे. हे खरं व्यंग्य. पण म्हणून सगळ्याच चित्रांना 'य' जोडायचा तर कैसरच्या मिशांचं काय करणार? 'व्यंगचित्र' या एका शब्दात दोन्ही मावतात, म्हणून मला तोच प्रिय आहे.

'कार्टून' शब्दाबद्दलही सांगते, कारण तो सोलापूरला फार जवळचा आहे. इटालियन 'कार्तोने' म्हणजे जाड कागद. भिंतीवरच्या चित्राचा किंवा विणायच्या पडद्याचा पूर्ण मापाचा आराखडा त्यावर काढत. 1843 मध्ये लंडनला नव्या संसदेच्या भित्तिचित्रांचे असे आराखडे मांडले होते. त्यांची टर उडवताना 'पंच'नं आपल्याच चित्राला 'कार्टून' म्हटलं आणि हा नवा अर्थ चिकटला. त्याच्या कितीतरी आधी, 1515 च्या सुमारास, इटालियन चित्रकार रफाएलनं पोपसाठी काढलेली जुन्या अर्थाची कार्टून्स, म्हणजे पडद्यांचे आराखडे, ब्रुसेल्सच्या विणकरांकडे गेली. विणकरांनी ती उभ्या पट्ट्यांत कापली आणि मागाशी धरून विणलं.

तुमच्या वर्गात माग असलेल्या घरची मुलं असतीलच. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, हे त्यांना ठाऊक असेल. असा एखादा जुना पुठ्ठा घरून मागवा आणि फलकाशेजारी टांगा.